खडीचा रस्ता आणि पावणेसात टन बर्फ



या वेळचा विषय इंदूरात कुणाच्या उपयोगाचा नाही. तरी लिहितोय, कारण गेला महिनाभर आमच्या घरात दुसरं काही बोललंच जात नाहीये. विषय आहे दारातला बर्फ काढायचं मशीन.

आम्ही व्हरमाँटमध्ये राहतो. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातलं हे छोटं राज्य. इथले निम्म्याहून अधिक रस्ते अजून खडीचेच आहेत. राज्यातलं सगळ्यात मोठं शहर बर्लिंग्टन, तिथे हिवाळ्यात सरासरी दोन मीटरहून जास्त बर्फ पडतो, अर्थात थोडा थोडा करून. गावच्या रस्त्यापासून आमच्या दारापर्यंत येणारी वाट, इथल्या भाषेत ड्राइव्हवे, ७५ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद आहे. तीही खडीचीच, आपल्याकडची गिट्टी म्हणा ना. पहिली दोन वर्षं आम्ही गावात भाड्याच्या फ्लॅटमध्ये होतो, तिथे बर्फ काढायला घरमालकाचा माणूस यायचा. स्वतःच्या घरात हा पहिलाच हिवाळा.

हिशेब केल्याशिवाय इंजिनिअरला चैन पडत नाही. एका रात्रीत ३० सेंटिमीटर बर्फ पडला, तर वाटेवर साधारण ६७ घनमीटर बर्फ साठतो. ताजा, भुसभुशीत बर्फ घनमीटरला शंभर किलो धरला तरी पावणेसात टन झाले. एका फावड्यात पाच किलो धरा, म्हणजे साडेतेराशे फावडी. आणि मार्चमधला ओला बर्फ याच्या दुप्पट-तिप्पट जड असतो. फावडं मारताना छातीत कळ येऊन माणसं दगावल्याच्या बातम्या इथे दर हिवाळ्यात असतात. त्यामुळे फावडं फक्त पायऱ्यांपुरतं.

बाबांना फोनवर हे सांगितलं तर म्हणाले, "अरे, मग सिमेंटचा रस्ता करून टाक ना एकदाचा!" बाबांचं चुकत नाही, पण इथे जमिनीतलं पाणी गोठतं, फुगतं आणि वरचा रस्ता उचलून त्याला भेगा पाडतं. खडी मात्र वसंतात दाताळ्याने सारखी केली की झालं. शिवाय ७५ मीटर डांबर घालायचा खर्च ऐकून बाबाच गप्प बसले.

आता मशीन. दुकानात गेलं की सगळे विचारतात, बर्फ किती पडतो? खडीवाल्याने आधी सांगायचं ते बर्फाखाली काय आहे. सगळ्यात स्वस्त आणि हलकं स्नोब्लोअर असतं, त्याची रबरी पाती जमिनीला घासत फिरतात. डांबरावर ते लखलखीत काम करतं. खडीवर तेच यंत्र दगड उचलून गोफणीसारखे फेकतं. समोर गाडी असो, खिडकी असो की माणूस, त्याला काही फरक पडत नाही.

आम्हाला हवं होतं ते दोन टप्प्यांचं. पुढे मळसूत्रासारखं फिरणारं दातेरी लोखंडी पातं बर्फ मधे ओढतं आणि मागचा वेगवान पंखा तो धुराड्यातून दहा-बारा मीटर लांब उडवतो. याच्या दोन्ही बाजूंना खाली लोखंडी पट्ट्या असतात. मी त्यांना पादुका म्हणतो. पादुका खाली सरकवल्या की पातं जमिनीपासून तीनेक सेंटिमीटर वर राहतं आणि खडी जागच्या जागी. मागे राहिलेला पातळ थर काढायचा नाही. पहिल्या एक-दोन हलक्या बर्फांवर तर नुसती गाडी फिरवायची. तो दाबला जातो, खालची जमीन गोठते आणि वर छान कडक गच्ची तयार होते. इंदूरच्या माणसाला अर्धवट झाडलेलं अंगण बघवत नाही, पण इथे तीच शिस्त आहे. निसरडं झालं तर वाळू टाकायची. मीठ टाकलं की गोठलेला थर सुटून चिखल होतो.

ट्रकला लावायचं नांगरासारखं पातंही पाहिलं. पंधरा मिनिटांत काम होतं, पण नवं बसवून घ्यायला पाच हजार डॉलरांच्या पुढे, आणि मुळात ट्रक हवा. शिवाय ते बर्फ नुसता कडेला ढकलतं. फेब्रुवारीपर्यंत दोन्ही बाजूंना भिंती उभ्या राहतात आणि वाट अरुंद होत जाते. बॅटरीवरचं मशीन मला मनापासून आवडलं होतं. आवाज नाही, धूर नाही. पण थंडीत बॅटरी लवकर उतरते, आणि ओल्या बर्फात ती अर्ध्या वाटेत दमली तर पुढे काय?

हा प्रश्न एरवी हसण्यावारी नेला असता. यंदा तसं नाही. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात बायकोची तारीख आहे आणि हॉस्पिटल चाळीस मिनिटांवर आहे. पहाटे तीनला कळा सुरू झाल्या तर आधी तासभर बर्फ काढत बसायचं का? सासूबाई बडोद्याहून बाळंतपणासाठी येतायत, त्यांच्या हाती मशीन द्यायचं का? बायको म्हणाली, "तू मशीनचं बघतोयस, मला रात्री वाट मोकळी असण्याचं पडलंय." बरोबरच होतं तिचं.

म्हणून दोन गोष्टी केल्या. पेट्रोलवरचं, २८ इंच रुंदीचं, दोन टप्प्यांचं मशीन घेतलं. त्याला विजेवर सुरू होण्याची सोय आहे, कारण उणे वीसमध्ये दोरी ओढत बसणं नको. आणि जानेवारी-फेब्रुवारीपुरतं शेजारच्या शेतकरी काकांशी ठरवलं: दहा सेंटिमीटरच्या वर पडला की दिवस असो वा रात्र, ते ट्रक घेऊन येणार. एका फेरीचे पैसे ठरलेत. त्यांची एकच अट होती, जमीन गोठेपर्यंत पातं टेकवणार नाही, नाहीतर तुमची खडी हिरवळीत जाऊन बसेल.

काकांनीच आणखी दोन गोष्टी बजावल्या. गावचा नांगर मुख्य रस्ता साफ करताना आपल्या वाटेच्या तोंडाशी कडक, जड ढीग लावून जातो. तो गोठायच्या आत काढायचा, आणि रस्त्यापलीकडे ढकलायचा नाही, ते बेकायदा आहे. दुसरी, धुराडं तुंबलं तर आत हात घालायचा नाही. इंजिन बंद केलं तरी अडकलेल्या पात्यात ताण उरलेला असतो आणि बर्फ सुटताच ते झटका देतं. मशीनला त्यासाठी प्लॅस्टिकची दांडी अडकवलेली असते, तीच वापरायची. हे मी सासूबाईंसाठीही मराठीत लिहून मशीनवर चिकटवलंय. त्या हात लावणार नाहीत म्हणतात, पण मी त्यांना ओळखतो.

गेल्या रविवारी, जमीन मऊ आहे तोवर, वाटेच्या दोन्ही कडांना चमकणाऱ्या पट्टीच्या वीस काठ्या ठोकल्या. बर्फ पडला की वाट कुठे संपते आणि गवत कुठे सुरू होतं, ते त्यांच्यावरूनच कळणार आहे. काकांनी येऊन पाहिलं आणि वळणावरच्या चार काठ्या हातभर बाहेर सरकवायला सांगितल्या, ॲम्ब्युलन्स आमच्या गाडीपेक्षा रुंद असते म्हणून.