पाहुणेपण कुठे संपते?

आज १ सप्टेंबर. १९२३ साली याच दिवशी, दुपारचे बारा वाजायला दोन मिनिटे कमी असताना, टोकियो आणि योकोहामा ही शहरे भूकंपाने हादरली. घरोघरी जेवणाची वेळ, चुली पेटलेल्या, घरे लाकडाची आणि वारा सुसाट. हादऱ्यांतून जे वाचले त्यांतले हजारो जण आगीत सापडले. मृत आणि बेपत्ता यांचा आकडा एक लाखावर गेला. १९६० पासून जपान हा दिवस आपत्ती निवारण दिन म्हणून पाळतो. पंतप्रधानांपासून पहिलीतल्या मुलापर्यंत सगळे सरावात उतरतात. उन्हाळी सुटी संपून शाळा याच सुमारास भरतात आणि आपल्याकडे गणपतीचे दिवसही बहुधा याच्याच मागेपुढे येतात. टोकियोतल्या मराठी घरांत त्यामुळे कधी कधी मखराची तयारी आणि भूकंपाचा सराव एकाच आठवड्यात चालू असतात. परदेशी थाटलेला संसार त्या गावचा कधी होतो, हा प्रश्न मांडायला याहून योग्य दिवस नाही.

जपानमध्ये आज पन्नास हजारांच्या आसपास भारतीय राहतात. त्यांतली मोठी वस्ती टोकियोच्या पूर्वेला, एदोगावा भागातल्या निशिकासाई स्टेशनाभोवती आहे. २००० साल उजाडताना संगणकांतल्या तारखांचा घोळ निस्तरण्यासाठी इथे अभियंत्यांची पहिली मोठी लाट आली. ओतेमाचीच्या बँकांपर्यंत थेट लोकल होती, म्हणून त्यांनी निशिकासाई निवडले. पुढे बायका-मुले आली, २००४ आणि २००६ मध्ये भारतीय शाळा सुरू झाल्या, डाळी-मसाल्यांची दुकाने वाढली. पुण्यात जपानी भाषा शिकण्याची परंपरा कित्येक दशकांची, त्यामुळे या वस्तीत मराठीही सहज कानावर पडते.

नव्याने आलेल्या कुटुंबाचे पहिले वर्ष बहुतेकांचे सारखेच जाते. वसंतात उएनोला साकुरा, उन्हाळ्यात फुजी, शरदात क्योतोची लाल पाने. पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर उभे आहे. ते पाहून आलेल्याला मूळ बाग पाहण्याची ओढ असणारच. हे सगळे जरूर पाहावे. देश डोळ्यांनी आवडला की त्याच्याविषयी आस्था वाटू लागते. पण पाहण्याने माणूस गावचा होत नाही. त्याची खरी परीक्षा एका साध्या कार्डावर होते आणि ते कार्ड शाळेतून येते.

परदेशी मुलांना जपानमध्ये शाळेची सक्ती नाही. मात्र पालकांनी मागितल्यास सरकारी शाळेत विनाशुल्क प्रवेश मिळतो. काही मराठी कुटुंबे धाडस करून हा मार्ग घेतात. या शाळांत आपत्तीच्या वेळी मूल पालकांच्या ताब्यात देण्याचा एक वेगळा सराव असतो. मुले पटांगणात वर्गवार ओळीत बसतात. डोक्यावर जाड, कापूस भरलेल्या टोप्या. एरवी याच टोप्या खुर्चीला अडकवलेल्या किंवा बसायला घेतलेल्या असतात. पालक एकेक करून पुढे जातात. रोज फाटकाशी लवून नमस्कार करणाऱ्या बाईही त्या दिवशी यादी हातात धरून नाव विचारतात, मुलाशी नाते विचारतात, कार्डावर खूण करतात आणि मगच मुलाला सोडतात. चेहरा ओळखीचा आहे म्हणून सूट नाही.

त्या कार्डावर आई-वडिलांच्या नावांखाली आणखी ओळी असतात. तुम्ही येऊ शकला नाहीत, तर मुलाला न्यायला कोण येईल? जपानी घरात तिथे आजीचे नाव पडते, मावशीचे पडते, शेजारणीचे पडते. साताऱ्याहून किंवा नाशिकहून आलेल्या जोडप्याचे पेन नेमके त्या ओळीवर अडते. आजी-आजोबा साडेसहा हजार किलोमीटरांहून दूर. ऑफिसातल्या सहकाऱ्याचे नाव लिहावे, तर तोही संकटाच्या वेळी त्याच इमारतीत अडकलेला असणार. ११ मार्च २०११ च्या दुपारी हेच घडले. ईशान्येच्या किनाऱ्यावर त्सुनामीने हाहाकार माजवला आणि इकडे राजधानीतली रेल्वे ठप्प झाली. टोकियो आणि भोवतालच्या प्रदेशांत पन्नास लाखांहून अधिक माणसांचा घरचा रस्ता त्या दिवशी तुटला. आई-वडील दोघेही ओतेमाचीला, मूल निशिकासाईला आणि मध्ये सुमिदा व अराकावा या दोन नद्या, असे चित्र ज्या घराचे आहे त्या घराने ती ओळ रिकामी ठेवून चालणार नाही.

मोठ्या आपत्तीत पहिल्या काही तासांत सरकार येत नाही, शेजारी येतो. १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे कोबेच्या परिसरात भूकंप झाला आणि सहा हजारांहून अधिक माणसे गेली. ढिगाऱ्यांतून जी जिवंत निघाली, त्यांतल्या बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी काढले. आवाजी बेटावरचे होकुदान हे गाव तर भूकंपाच्या केंद्रालगतचे. तिथल्या स्वयंसेवी अग्निशामकांना कोणत्या घरात कोण, कोणत्या खोलीत झोपते हे ठाऊक होते. त्यांनी नेमके तिथेच खणले आणि गाडली गेलेली सगळी माणसे त्याच दिवशी शोधून काढली. एकमेकांच्या घरात वर्षानुवर्षे जा-ये असल्याशिवाय असले ज्ञान येत नाही.

मग परक्या माणसाने ही जा-ये मिळवायची कशी? जपानी वस्तीत तिची दारे छोट्या छोट्या कामांतून उघडतात. राहायला गेल्यावर वर-खाली आणि शेजारी जाऊन, लहानशी भेट देऊन, आपली ओळख करून देण्याची तिथे रीत आहे. शहरात ती विरळ होत चालली असली तरी नव्या माणसाने पाळली तर तिचे मोल दुप्पट. ओला-सुका इतक्यावर कचऱ्याची वर्गवारी संपत नाही. जळणारा, न जळणारा, बाटल्या, डबे, कागद असे प्रत्येकाचे वार ठरलेले, सकाळी ठरलेल्या वेळेच्या आत नेऊन ठेवायचा आणि कावळ्यांनी उकरू नये म्हणून त्यावर जाळी ओढायची. गाडी गेल्यावर ती जागा झाडण्याचे काम अनेक ठिकाणी घरे आळीपाळीने करतात. मोहल्ला मंडळाची सूचना फळीला लावून घरोघर फिरते. वाचून, शिक्का मारून पुढच्या घरी पोहोचवायची. अक्षरे समजली नाहीत तरी फळी घेऊन पुढचे दार ठोठवावेच लागते, आणि त्या दारात समजून घेण्याची संधी मिळते. उन्हाळ्याच्या सुटीत सकाळी साडेसहाला बागेत रेडिओच्या तालावर मुलांचा व्यायाम चालतो. तिथे हजेरीच्या कार्डावर शिक्का मारणारे आजोबा हीच पुढे वस्तीतली पहिली ओळख ठरू शकते.

शाळेतली एक रीत आम्हाला विशेष वाटते. दुपारचे जेवण वाढायला वाढपी नसतात. पांढरे ॲप्रन आणि टोप्या घालून मुलेच आपल्या वर्गाला वाढतात. आठवड्याचे वाढप संपले की अनेक शाळांत शुक्रवारी तो ॲप्रन मुलाच्या दप्तरातून घरी येतो. तो धुऊन, इस्त्री करून सोमवारी परत न्यायचा आणि मग तो दुसऱ्या मुलाने घालायचा. इचलकरंजीच्या आईने इस्त्री केलेला ॲप्रन पुढच्या आठवड्यात कुण्या जपानी मुलीच्या अंगावर असतो आणि त्या घरी धुतलेला पुन्हा आपल्या मुलाकडे येतो. ज्या घरांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नाही, त्यांनी एकमेकांच्या लेकरांची अशी काळजी वाहावी, याहून सुंदर संस्कृतिदर्शन कोणत्या सहलीत होणार?

यात अडचणी आहेत आणि त्या हलक्या नाहीत. जपानी लिपी वर्षभरात हाती लागत नाही. शाकाहारी मुलाला शाळेचे जेवण जड जाते, कारण भाजीच्या रश्शातही माशाच्या अर्काचे पाणी असते. कित्येक आया पहाटे उठून मेनू पाहून तसाच दिसणारा डबा करून देतात. नवरा रात्री उशिरा घरी येतो. कंपनीने दोन-तीन वर्षांसाठी पाठवलेल्या कुटुंबाला ‘कशाला एवढा खटाटोप’ असे वाटणे स्वाभाविक आहे. दुकानदार आपला, शेजारी आपला, शाळा आपली, तर अडते कुठे? अडते ते नेमके संकटात. एदोगावाची सुमारे सत्तर टक्के जमीन समुद्राच्या भरतीच्या पातळीखाली आहे. इथे राहू नका, वेळीच बाहेर पडा, असे ठणकावून सांगणारा पूरनकाशा तिथल्या प्रशासनाने २०१९ मध्ये घरोघर दिला. पुराच्या रात्री कोणत्या दिशेने निघायचे हे आपली माणसे आपसांत ठरवतील. पण पूल बंद झाला आहे हे आधी कळते ते वस्तीतल्या जुन्या माणसाला.

परक्यांना सामावून घेण्याची जबाबदारी यजमानांचीही आहे, आणि या बाबतीत जपानचा इतिहास दोन्ही बाजूंनी बोलतो. १९२३ च्या भूकंपानंतर, कोरियन लोकांनी विहिरींत विष घातल्याच्या अफवा पसरल्या आणि पहारा देणाऱ्या टोळ्यांनी, काही ठिकाणी सैनिक-पोलिसांनीही, कोरियन माणसांची कत्तल केली. इतिहासकारांचे अंदाज हजारोंत जातात. त्याच दिवसांत त्सुरुमीचे पोलीस अधिकारी ओकावा त्सुनेकिची यांनी मात्र शेकडो जणांना ठाण्यात आसरा देऊन जमावापासून वाचवले. योकोहामात तेव्हा रेशमाचा व्यापार करणारे भारतीय होते. त्यांतले काही भूकंपात दगावले, उरलेल्यांना शहराने हात दिला. त्या मदतीची कृतज्ञता म्हणून भारतीय व्यापाऱ्यांनी पुढे योकोहामाच्या यामाशिता बागेत घुमटाची एक पाणपोई बांधून दिली. ती बागच भूकंपाच्या ढिगाऱ्याच्या भरावावर उभी आहे. फुजी पाहायला जाणाऱ्या प्रत्येक भारतीय कुटुंबाने मुलांना घेऊन एकदा तिथेही जावे.

कोबेच्या भूकंपात परदेशी रहिवाशांना इशारे आणि सूचना समजल्या नाहीत, हे ध्यानात आल्यावर जपानी भाषातज्ज्ञांनी छोट्या वाक्यांची, सोप्या शब्दांची जपानी घडवली. आज कितीतरी नगरपालिका ती वापरतात. ठिकठिकाणच्या सभागृहांत निवृत्त माणसे नाममात्र शुल्कात भाषा शिकवतात. अलीकडे जपानच्या राजकारणात परदेशी रहिवाशांविषयी कडवट सूर वाढला आहे, २०२५ च्या वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत तो मोठ्याने ऐकू आला. अशा वेळी हे शिकवणारे हात अधिकच मोलाचे ठरतात. त्या सुराला खणखणीत उत्तर मतदारांनी आधीच दिलेही आहे. पुण्यात शिकलेले योगेंद्र पुराणिक २०१२ मध्ये जपानी नागरिक झाले, २०१९ मध्ये एदोगावाच्या लोकांनी त्यांना आपल्या सभागृहात निवडून दिले आणि २०२३ मध्ये ते इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले. जपानी मतदार परक्या नावालाही आपले म्हणू शकतो, हे त्यातून दिसते.

जपानातल्या मराठी मंडळांना आमची आग्रहाची विनंती आहे. गणेशोत्सवाला जमणारी गर्दी ही फार मोठी शक्ती आहे. आरतीनंतरचा अर्धा तास सरावाला द्यावा: वॉर्डाचा पूरनकाशा भिंतीवर लावावा, आसऱ्याच्या शाळा दाखवाव्यात, नव्या कुटुंबाला जुन्या कुटुंबाशी आणि एका जपानी कुटुंबाशी जोडून द्यावे. मोदकांना मोहल्ला मंडळाच्या अध्यक्षांना आणि मुलांच्या शिक्षकांना बोलवावे. आणि वस्तीच्या सरावात मंडळाची माणसे बालद्या घेऊन रांगेत उभी राहावीत.

महाराष्ट्रात राहणाऱ्यांनीही हे कार्ड स्वतःसमोर धरावे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून झोपलेल्या किल्लारीच्या परिसरात माणसे घरांखाली गाडली गेली. तेव्हाही ढिगारे उपसायला पहिले हात गावकऱ्यांचेच होते. आज चाकणच्या चाळीत बिहारचे, ओडिशाचे कुटुंब राहते, हिंजवडीच्या सोसायटीत जपानी कुटुंब राहते. त्यांच्या मुलाच्या शाळेने विचारले, की आई-वडील नसताना कोणाला बोलवायचे, तर ते कोणाचे नाव सांगतील? सोसायटीच्या सभेला त्यांना कोणी बोलावले आहे का, पाणी जाणार असल्याचा निरोप त्यांच्या भाषेत कोणी दिला आहे का? परदेशात आपल्या माणसांना जे मिळावे असे वाटते, ते आपल्या दारातल्या परक्याला देण्याची सुरुवात इथूनच व्हायला हवी.

संस्कृती ही दाखवण्याची वस्तू आहे असे समजून आपण ती पाहत फिरतो आणि आपली इतरांना दाखवत बसतो. ती जगते मात्र अशा वाटून घेतलेल्या कामांत. ज्या गावात आपले मूल वाढते त्या गावाच्या कामात आपला वाटा असलाच पाहिजे, मग मुक्काम दोन वर्षांचा असो की जन्मभराचा. शेजाऱ्याने आपल्या मुलाला न्यायला यावे अशी अपेक्षा असेल, तर त्याच्या मुलाच्या कार्डावर आपले नाव लिहून घ्यायला आधी आपण सांगावे. पाहुणेपण तिथे संपते.