गांजा : सरकार सांगते ते आणि कायद्यात आहे ते

उसाच्या फडात गांज्याची झाडे सापडली, शेतकऱ्याला अटक, इतक्या किलोचा मुद्देमाल जप्त. ही बातमी आपण दरवर्षी वाचतो. फोटोत पोलीस असतात, उपटलेली झाडे असतात आणि मान खाली घातलेला शेतकरी असतो. माल उचलणारा व्यापारी फोटोत सहसा दिसत नाही.

सरकार म्हणते, गांजा ही समाजाला लागलेली कीड आहे, बंदीशिवाय इलाज नाही. हा दावा तपासायला हवा.

इंग्रज सरकारने १८९३ साली याच प्रश्नावर आयोग नेमला. त्याने ११९३ साक्षी घेतल्या आणि १८९४ साली अहवाल दिला. निष्कर्ष असा, की अतिसेवन वाईट, पण बेताच्या सेवनाने सहसा अपाय होत नाही. सरसकट बंदी नको, परवाना आणि कर लावून नियंत्रण ठेवावे. त्या काळी आपल्या नगर जिल्ह्यात परवान्याने गांजा पिकत होता.

मग बंदी आली कोठून? १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातून. त्या कराराला धरून १९८५ साली दिल्लीत अमली पदार्थांचा कायदा झाला. आयोगाने हजारावर लोकांना विचारले होते. कायदा करताना शेतकऱ्याला कोणी विचारले?

गंमत पुढेच आहे. या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांशिवायचा पाला आणि बी त्यात येत नाही. म्हणूनच उत्तर प्रदेशात आणि राजस्थानात त्याच झाडाची भांग सरकारी परवान्याच्या दुकानात मिळते. पाला दुकानात, शेंडा तुरुंगात!

आणि आपल्याकडे पंचनाम्यात वजन कशाचे लागते? ओल्या झाडाचे, देठापानांसकट. २० किलोला ‘व्यापारी प्रमाण’ धरतात आणि तिथे किमान शिक्षा १० वर्षांची आहे. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका आरोपीला दिलासा देताना हाच मुद्दा धरला, की शेंडे नसलेला हिरवा पाला म्हणजे गांजा नव्हे. वकील लावण्याची ऐपत असेल त्याला हे कळते. कोरडवाहू शेतकऱ्याला कोण सांगणार?

व्यसनाचा कळवळा म्हणाल, तर केंद्र सरकारचीच २०१९ ची पाहणी बघा. १० ते ७५ वयाच्या लोकांत दारू घेणारे १४.६ टक्के, भांग, गांजा, चरस मिळून २.८ टक्के. पण दारूवर उत्पादन शुल्क मिळते, तेव्हा तिथे कीड दिसत नाही.

गांजा निरुपद्रवी आहे, असे आमचे म्हणणे नाही. कोवळ्या वयात ओढला तर डोक्यावर परिणाम होतो, काहींना वेड लागण्यापर्यंत मजल जाते. पोरांच्या हाती तो पडू नये, याबद्दल दुमत नाही. प्रश्न एवढाच, की ३५ वर्षांहून अधिक काळ बंदी असून पुड्या मिळायच्या थांबल्या का? थांबल्या नसतील, तर तुरुंगात जाणारा शेतकरी नेमका कशासाठी जातो?

२०२१ साली सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने गांजा लावायला जिल्हाधिकाऱ्यांकडे रीतसर परवानगी मागितली. कारण दिले, की दुसऱ्या कशालाच भाव मिळत नाही. लोक हसले. हसण्यासारखे त्यात काय होते?

याच कायद्याच्या कलम १४ मध्ये धागा आणि बी यांसाठी लागवडीला परवानगी देण्याची सोय आहे. उत्तराखंडाने २०१८ साली ०.३ टक्क्यांहून कमी नशेच्या वाणाला वाट मोकळी केली. २०२१ पासून या झाडाचे बी आणि तेल खाद्यपदार्थ म्हणून विकायला केंद्राची मान्यता आहे. म्हणजे विकायला मोकळीक आहे, पिकवायला आपल्याला नाही.

जिल्हा बैठकीत तीन मागण्यांवर चर्चा व्हावी. पंचनाम्यात फक्त शेंड्यांचे वजन धरा. बांधावरच्या चार झाडांसाठी शेतकऱ्याला टोळीवाल्याच्या रांगेत बसवू नका. आणि धाग्याच्या, बियाच्या बिननशेच्या वाणाची लागवड महाराष्ट्रात खुली करा. काय पेरायचे हे ठरवताना सरकारने शेतकऱ्याला धाक नव्हे, कारण सांगावे.