निर्जन किनारा कोणाचा?

विद्यार्थी मित्रांनो, प्रवासात एखादी सुंदर जागा सापडली की ती चारचौघांना सांगावी, असे आपल्याला वाटते. पण अशी प्रत्येक जागा सगळ्यांना सांगावीच का? आणि आपल्याला सापडली म्हणजे ती आपली झाली का? या दोन प्रश्नांचा तुम्ही माझ्याबरोबर थोडा विचार करा.

काही वर्षांपूर्वी मार्च महिन्यात मी आणि माझा एक मित्र व्हॅनने कोकणात फिरत होतो. बागमांडल्याला आम्ही व्हॅन फेरीबोटीवर चढवली, बाणकोटची खाडी ओलांडली आणि वेसवीला उतरलो. पुढे दक्षिणेकडे जाताना एका वळणावर लाल मातीची एक वाट खाली उतरताना दिसली. व्हॅन वरच झाडाखाली उभी करून आम्ही पायी निघालो. केवड्याचे बन संपले आणि समोर लांबच लांब किनारा पसरला. दुकान नाही, घर नाही, गोंगाट नाही. ओल्या वाळूवर खेकड्यांनी काढलेली नक्षी तेवढी होती. मित्र आनंदाने म्हणाला, "हा किनारा आपण शोधून काढला!"

तेवढ्यात एका होडीच्या सावलीत जाळे दुरुस्त करत बसलेले एक वृद्ध मच्छीमार दिसले. सलाम करून मी विचारले, "चाचा, इथे कोणीच येत नाही वाटते?"

ते हसून म्हणाले, "येतात की! आम्ही रोज येतो. थंडीत कासवे येतात. नवे तुम्हीच आहात." मग त्यांनी आम्हांला बजावले, "ओहोटी लागली की त्या खडकाजवळ पाण्यात उतरू नका. पाणी माणसाला आत ओढते."

मला वाटते, या साध्या बोलण्यात आपल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आहेत. "निर्जन" हा शब्द बाहेरून येणाऱ्याचा आहे. गावकऱ्यांसाठी तो किनारा म्हणजे जाळी वाळवण्याची, होड्या ओढण्याची, मासळी उतरवण्याची जागा असते. तेथील पाण्याचा स्वभाव त्यांना ठाऊक असतो, आपल्याला नसतो. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडच्या समुद्रात सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडून मरण पावले. ते तुमच्याहून थोडेच मोठे होते. म्हणून अनोळखी किनाऱ्यावर पाण्यात पाय घालण्यापूर्वी गावातल्या माणसाला विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

आता कासवांचे पाहा. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्रीच्या अंधारात किनाऱ्यावर येते. वाळूत सुमारे दीड फूट खोल खड्डा करून ती शंभरच्या आसपास अंडी घालते, वाळूने ती झाकते आणि समुद्रात परत जाते. साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात. ती उजेडाच्या दिशेने चालतात, कारण अंधारात समुद्राचे पाणीच चमकत असते. किनाऱ्यावर मोठे दिवे लागले तर ती भलतीकडे जातात आणि मरतात. वाळूवर गाडी चालवली तर खालची अंडी दबतात आणि चाकांच्या चाकोरीत इवलीशी पिल्ले अडकून पडतात. आपल्याला जी गंमत वाटते, ती त्यांच्या जिवावर बेतते.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, "पण लोक गेलेच नाहीत, तर गावाला चार पैसे कसे मिळतील?" हा प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर मंडणगड तालुक्यातील वेळास गावाने दिले आहे. तेथे पूर्वी कासवांची अंडी चोरीला जात. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन अंडी जपण्याचे काम सुरू केले. आता पिल्ले समुद्रात सोडण्याचा सोहळा पाहायला लोक लांबून येतात, गावकऱ्यांच्या घरी उतरतात आणि त्यांच्याच हातचे जेवतात. गावाला रोजगार मिळतो आणि कासवेही वाचतात. हे साधले, कारण पाहुणे येण्याआधी गाव तयार होते.

म्हणूनच ज्या गावाने तयारी केली आहे, त्याचे नाव जरूर सर्वांना सांगावे. पण जेथे जीवरक्षक नाही, शौचालय नाही, कचरा उचलण्याची सोय नाही, त्या जागेचा फोटो आणि पत्ता मोबाइलवरून हजारो लोकांना पाठवणे मला योग्य वाटत नाही. आम्ही पाहिलेल्या किनाऱ्याचे नाव मी येथे लिहिले नाही, ते याच कारणाने. याला कोणी स्वार्थ म्हणेल. मी त्याला अदब म्हणतो.

मराठीत पाहुणा आणि उर्दूत मेहमान, शब्द दोन असले तरी रीत एकच आहे. पाहुणा यजमानाला विचारून घरात येतो, त्याच्या वस्तूंची नासधूस करत नाही आणि जाताना मागे घाण ठेवत नाही. समुद्रकिनारी जाल तेव्हा मित्रांनो, असेच जा. गाडी वाळूबाहेर ठेवा, आपला कचरा पिशवीत भरून परत आणा, आणि तिथल्या माणसांना सलाम किंवा नमस्कार करायला विसरू नका. किनारा शोधून काढण्यापेक्षा तो जसा होता तसाच ठेवून येणे, हे मला अधिक मोठे काम वाटते.