दुभंगलेला ओठ : उपचारांचे हप्ते



बाळाचा वरचा ओठ दुभंगलेला दिसला, की घरात पेढ्यांऐवजी कुजबुज वाटली जाते. ग्रहणात सुनेने विळी हाती धरली असेल, हा ठरलेला निष्कर्ष. त्यास कोणताही शास्त्रीय आधार नाही. गर्भारपणाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात ओठाचे भाग जुळून येतात. ती जुळणी अपुरी राहिली की हे व्यंग उद्भवते. आनुवंशिकता, काही औषधे, धूम्रपान, मधुमेह यांचा संबंध आढळतो. पुष्कळदा नेमके कारण सापडतच नाही. मातेस दोष देणे हा अन्यायच होय.

ओठ दोन्ही बाजूंनी दुभंगला असेल तर काम बिकट होते. मधला तुकडा सुटा पडतो व त्यात स्नायू नसतो. त्यामागील हिरडीचे हाड पुढे येते आणि नाक चपटे राहते. अशा स्थितीत थेट शिवण घातल्यास ताणाने टाके उसवू शकतात. म्हणून प्रथम चिकटपट्टीने किंवा टाळूत बसविलेल्या साच्याने ते हाड हळूहळू मागे आणतात. नवजात बालकाची कूर्चा मऊ असते. यास्तव पहिले काही आठवडे मोलाचे. काही शल्यविशारद आधी ओठ तात्पुरता जोडून घेतात. हाड कापून मागे बसविण्याचाही मार्ग आहे. परंतु चेहऱ्याच्या मध्यभागाची वाढ खुंटण्याच्या भीतीने तो बालवयात सहसा टाळतात.

मुख्य शस्त्रक्रिया साधारणतः 3 ते 6 महिन्यांच्या वयात होते. वय 10 आठवडे, वजन 10 पौंड, हिमोग्लोबिन 10, ही जुनी कसोटी. अमेरिकेतील डॉ. जॉन मलिकन यांनी दोन्ही बाजू व नाक एकाच वेळी दुरुस्त करण्याचा आग्रह धरला. दोन्हीकडील स्नायू मध्यावर आणून जोडणे, हे या शस्त्रक्रियेचे मर्म. तोवर बाळाला ताठ धरून, वैद्यकीय सल्ल्याने खास बाटलीने वा वाटी-चमच्याने दूध पाजावे.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर हे एकरकमी फेडीचे खाते नव्हे. टाळूही दुभंगली असल्यास ती 9 ते 18 महिन्यांच्या दरम्यान शिवतात. मग वाचा-उपचार, पक्के दात येण्याच्या वयात हिरडीत हाडाचे कलम आणि वाढ पूर्ण झाल्यावर गरजेनुसार नाक-जबड्याची दुरुस्ती. हप्ता थकला की त्याचे व्याज मुलाच्या बोलण्यावर आणि दातांवर चढते.

पैशाअभावी मात्र कोणी थांबू नये. अमेरिकेत स्थायिक झालेले डॉ. शरदकुमार दीक्षित स्वतः व्याधिग्रस्त असूनही भारतात येऊन विनामूल्य शस्त्रक्रिया करीत. त्यांची अनेक शिबिरे भारतीय जैन संघटनेने भरविली. 2011 मध्ये ते निवर्तले. आज स्माईल ट्रेन ही संस्था भारतातील सहयोगी रुग्णालयांमार्फत मोफत शस्त्रक्रिया करविते.

आपल्या पेढीवरील हमालाच्या वा दिवाणजींच्या घरी असे बाळ असेल, तर चौकशी करावी, रुग्णालयाचा पत्ता द्यावा आणि त्या दिवसांची पगारी रजाही द्यावी. उपचारांच्या प्रत्येक टप्प्यावर ती रजा पुन्हा लागेल, हेही ध्यानी असू द्यावे.