निवेदकाचे कान

हुबळी-धारवाड म्हटलं की आपल्याला गंगूबाई हनगल आणि मल्लिकार्जुन मन्सूर आठवतात. १९५० साली सुरू झालेल्या धारवाड आकाशवाणीत मन्सूर संगीत सल्लागारही होते. पण गाण्याच्या थेट प्रक्षेपणात आणखी एक आवाज असतो, निवेदकाचा. त्याचा विचार सहसा कोणी करत नाही.

माइक उघडला की स्टुडिओतला स्पीकर बंद होतो, नाहीतर शिट्टी वाजते. मग निवेदकाला आधार हेडफोनचाच. त्यात स्वतःचा आवाज मोठा आला की माणूस नकळत हळू बोलतो, बारीक आला की ओरडतो. म्हणून मीटरचा काटा बघून आधी माइकची पातळी ठरवायची, हेडफोनची नंतर. तीही 'हॅलो, वन टू थ्री' म्हणून ठरवू नये, खरं निवेदनच त्याच सुरात वाचावं.

आपल्याकडे देवळांतल्या उत्सवांत हे कुठं होतं? भैरवी संपते न संपते तोच निवेदक कानठळ्या बसवतो. दोष त्याच्या गळ्याचा नाही, त्याला स्वतःचा आवाज ऐकूच येत नाही. आयोजकांनी त्याला गाण्याआधी माइकपाशी पाच मिनिटं द्यावीत आणि आपला आवाज कानी पडेल एवढी सोय करावी. तानपुऱ्यामागून येणाऱ्या शब्दाला तेवढी अदब हवीच.