ठसका सगळ्यांना, धाप एकीलाच का?

तव्यावर मिरची पडली की घरातल्या सगळ्यांनाच ठसका लागतो. दोन-चार शिंका, थोडा खोकला, की झाले. पण त्याच घरातल्या सुनेची छाती अर्धा तास घरघरत राहते आणि कोणीतरी म्हणतेच, "हिचेच नखरे फार!" सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या सोनाळ्यासारख्या गावात, थंडीच्या पहाटे चुलीत पऱ्हाट्या-तुऱ्हाट्या पेटल्या की हा त्रास आणखी वाढतो. आमच्या मते ते बोलणे त्या बाईवर अन्याय आहे.

श्वासनलिकांभोवती स्नायू असतात. धूर, धूळ किंवा गार हवा लागली की ते आवळतात. निरोगी माणसाचेही आवळतात, पण किंचित. दम्यात नळीचे अस्तर आधीच सुजलेले असते, म्हणून जरासे निमित्त पुरते.

हा फरक मोजताही येतो. मोठ्या रुग्णालयात मेथाकोलिन नावाच्या औषधाची वाफ कमी प्रमाणापासून वाढवत देतात आणि दर वेळी जोरात फुंकायला लावतात. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा 20 टक्क्यांनी घटली की तपासणी थांबते. निरोगी माणसात मिलिलिटरला 16 मिलिग्रॅम इतक्या तीव्र द्रावणानेही बहुधा एवढी घट होत नाही. दमा जास्त असेल तर 1 मिलिग्रॅमच्या आतच होते. मधल्या पट्ट्यात मात्र काही धडधाकट माणसेही सापडतात. साध्या सर्दी-तापानंतरही काही आठवडे नळ्या अशाच चिडक्या राहतात. म्हणून एवढ्यावरून दम्याचा शिक्का मारत नाहीत.

वर्षानुवर्षे चुलीपुढे बसलेल्या दादीची गोष्ट वेगळी. तिच्या नळ्या मुळातच अरुंद झालेल्या असू शकतात. नळी निम्मी झाली तर हवेला होणारा अडथळा सुमारे 16 पट वाढतो. मग थोडे आवळणेही जड जाते.

"पंपाची सवय लागते" ही समजूत आपण सोडायला हवी. एक पंप आवळलेली नळी लगेच मोकळी करतो. दुसरा, रोजचा, सूज उतरवून नळीचा चिडकेपणा कमी करतो. बरे वाटले म्हणून हाच दुसरा बंद केला जातो! रमजानमध्ये त्याच्या वेळा सहरी-इफ्तारला बसवता येतील का, हे डॉक्टरांना आधीच विचारावे. धाप लागली तर मगरिबची वाट पाहू नये. आजाऱ्याला रोजा नंतर पुरा करण्याची सवलत कुरआननेच दिली आहे. आणि बोलताना वाक्य पुरे होईना, ओठ निळसर दिसू लागले, तर रात्र असली तरी गाडी काढावी.