बीपी ठीक, पण बोट फिकं: सेप्सिसमध्ये काचेची पट्टी काय सांगते?

‘इन्फेक्शन रक्तात गेलंय’ हे वाक्य आयसीयूच्या दाराबाहेर आपल्यापैकी अनेकांनी ऐकलंय. हाच सेप्सिस. जागतिक अंदाजानुसार २०१७ मध्ये ४ कोटी ८९ लाख लोकांना तो झाला आणि १ कोटी १० लाख मृत्यू त्याच्याशी जोडलेले होते. बहुतेक रुग्ण गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले.

नातेवाईक विचारतात, ‘बीपी किती?’ पण बीपी फसवं असतं. रक्त कमी पडू लागलं की शरीर आधी त्वचेचा पुरवठा तोडतं आणि मेंदू-हृदय सांभाळतं. मॉनिटरवर आकडा बरा दिसतो, बोटं मात्र गार पडलेली असतात. म्हणून बोटाच्या टोकावर काचेची पट्टी दहा सेकंद दाबायची, सोडायची आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. तीन सेकंदांपेक्षा जास्त लागले तर धोका. सुई नाही, लॅब नाही.

हा काही दवाखान्यातला जुगाड नव्हे. दक्षिण अमेरिकेतल्या पाच देशांत ४२४ रुग्णांवर ‘अँड्रोमेडा-शॉक’ चाचणी झाली. २०१९ मध्ये निकाल आला. बोट पाहून उपचार ठरवलेल्या गटात २८ दिवसांत ३४.९ टक्के दगावले, तर रक्तातलं लॅक्टेट पाहून ठरवलेल्या गटात ४३.४ टक्के. फरक मोठा दिसतो, पण संख्याशास्त्राच्या कसोटीला तो थोडक्यात कमी पडला. २०२५ च्या दुसऱ्या, मोठ्या चाचणीत मृत्यूदर जवळजवळ सारखाच राहिला. फायदा झाला तो मुख्यतः आधार-यंत्रणांवरचे दिवस कमी होण्यात. म्हणजे चमत्कार नाही. पण आयसीयूचं रोजचं बिल भरणाऱ्या घराला त्या दिवसांची किंमत विचारा!

गुडघ्याभोवतीचे जांभळे चट्टे हीसुद्धा अशीच खूण, पण सावळ्या त्वचेवर ते नीट दिसत नाहीत. आपल्याकडे ही अडचण रोजची आहे.

कोविडमध्ये आपल्या मशिदी आणि ट्रस्टनी ऑक्सिजन सिलिंडर जमवले, ते मोलाचं काम होतं. ॲम्ब्युलन्ससाठी चंदा लगेच उभा राहतो. नर्सच्या प्रशिक्षणासाठी मात्र कुणी पावतीपुस्तक छापत नाही. समाजाच्या दवाखान्यांतल्या नर्सना घड्याळ लावून ही तपासणी दर अर्ध्या तासाला करायला आणि लिहून ठेवायला शिकवावं, असं आम्हाला वाटतं. नोंद असेल तर पेशंटला मोठ्या शहरात कधी हलवायचं, हा निर्णय वेळेत होतो.

घरी मात्र बोट दाबून निश्चिंत होऊ नका. तापासोबत धाप, बरळणं किंवा लघवी कमी झाली तर थेट दवाखाना गाठा.